"आणि मग रात्री नेहमीचंच": जोडीदाराच्या लैंगिक हिंसेबद्दल बाईला कसं विचारायचं आणि पुढे काय करायचं

तुम्ही लिहिलंय की समुपदेशनाचं काम सुरू करून आठ महिने झाले. एक बाई चार वेळा भेटून गेली. नवऱ्याची मारहाण, पैशांवरून छळ, घराबाहेर पडू न देणं हे सगळं ती सांगते. तिसऱ्या भेटीत मारहाणीचा एक प्रसंग सांगता सांगता "आणि मग रात्री नेहमीचंच" एवढं म्हणून ती थांबली आणि विषय बदलला. तुम्ही पुढे विचारलं नाही. आता विचारलं तर ती दुखावेल अशी भीती वाटते, न विचारावं तर आपण तिला एकटीला सोडलं असं वाटतं, आणि तिने खरंच सांगितलं तर काय करायचं हे ठाऊक नाही.

विचारा. हे माझं पहिलं उत्तर. कसं, कधी आणि विचारल्यावर काय, ते पुढे लिहिते. या कामात मला बावीस वर्षं झाली. ज्यांना मी वेळेवर विचारलं नाही त्या बायका मला जास्त आठवतात. एक जण सहा वर्षांनी मला म्हणाली, "ताई, तुम्ही हाताच्या प्लास्टरचं विचारलंत, डोळ्याखालच्या डागाचं विचारलंत. ते एक विचारलं नाहीत, म्हणून मला वाटलं ते सांगायचं नसतं." तिच्या गप्प बसण्यात माझ्या गप्प बसण्याचाही वाटा होता, हे मला त्या दिवशी कळलं.

बायका हे आपणहून का सांगत नाहीत? एक कारण असं की त्यासाठी त्यांच्याजवळ शब्द नसतो. 'बलात्कार' म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो अनोळखी माणूस आणि अंधारा रस्ता. स्वतःच्या अंथरुणात, मुलं पलीकडे झोपलेली असताना, ज्याचे कपडे सकाळी आपणच धुतले त्याच माणसाने केलेल्या गोष्टीला तो शब्द लागू होतो असं वाटत नाही. मग 'त्रास देतो', 'ऐकत नाही', 'मनाविरुद्ध', 'नेहमीचंच' असे शब्द येतात. १९८७ साली मेरी कॉस यांनी अमेरिकेतल्या कॉलेज विद्यार्थिनींचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. कायद्याच्या व्याख्येत बसेल असा बलात्कार ज्यांच्यावर झाला होता त्यांच्यापैकी फक्त २७ टक्के मुली स्वतःला बलात्कारपीडित म्हणवत होत्या. म्हणून "तुमच्यावर बलात्कार झाला का?" असा प्रश्न कधीच विचारू नका. बहुतेक वेळा उत्तर 'नाही' येईल, आणि ते खरं नसेल. घडलेल्या गोष्टीबद्दल विचारायचं, तिच्या नावाबद्दल नाही.

दुसरं कारण, तिने स्वतःच होकार दिलेला असतो, किंवा तिला तसं वाटतं. रात्रभर झोपू दिलं नाही म्हणून पहाटे तीनला दिलेला होकार. मुलाला मारेन म्हणाला म्हणून दिलेला. घरखर्चाचे पैसे उद्या मिळणार नाहीत म्हणून दिलेला. मागच्या वेळी नाही म्हटल्यावर काय झालं होतं ते आठवून, त्याने काही बोलायच्या आधीच दिलेला. ज्या होकारामागे 'नाही' म्हणायची मुभाच नसते तो होकार नसतो. पण हे वाक्य तिला पहिल्याच भेटीत व्याख्यानासारखं ऐकवू नका. तिने आपल्या तोंडाने तिथवर यावं, यात फार ताकद असते.

आणि हिंसेची रूपंही तुम्हाला माहीत हवीत, नाहीतर ती समोर येऊन गेली तरी ओळखू येत नाहीत. मारहाण झाल्यावर लगेच 'मिटवण्यासाठी' म्हणून केलेला संबंध हे त्यातलं फार नेहमीचं रूप, आणि तुमच्या या बाईच्या वाक्यात मला तेच ऐकू येतं. झोपेत, आजारपणात, बाळंतपणानंतर शरीर भरून यायच्या आत केलेली जबरदस्ती. फोनवर पाहिलेलं तसंच करून घेणं. चोरून किंवा धमकावून चित्रीकरण करणं आणि मग ते दाखवीन म्हणून दाबात ठेवणं. गर्भनिरोधक गोळ्या फेकून देणं, कंडोम मध्येच काढून टाकणं, मूल हवं की नको हे तिच्या शरीरावर लादणं. 'तू बाहेर कुणाकडे जातेस' म्हणून तिचे कपडे, तिचं शरीर तपासणं. यातल्या कित्येक गोष्टींत एक चापटही मारलेली नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली जाहीर केलेल्या अंदाजानुसार, जोडीदार असलेल्या किंवा कधीकाळी असलेल्या, १५ वर्षांच्या आणि त्यापुढच्या बायकांपैकी सुमारे २६ टक्के जणींनी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. या आकड्यात दोन्ही हिंसा एकत्र मोजल्या आहेत, आणि प्रत्यक्ष आयुष्यातही त्या अशाच एकमेकींत गुंतलेल्या असतात.

आता विचारायचं कसं ते. ती एकटी असली पाहिजे. नवरा नको हे तर उघडच आहे, पण सासू, आई, बहीण, मैत्रीण, बोलता येण्याच्या वयाचं मूल, यांपैकी कुणीही नको. भाषेची अडचण असेल तर दुभाषी घरातला किंवा ओळखीतला नको. 'तिच्या आईनेच तिला आणलंय, तिच्यासमोर काय लपवायचं' असं तुम्हाला वाटेल. पण "सहन कर" असं आधी त्याच आईने सांगितलेलं असू शकतं. विचारण्याआधी गुप्ततेच्या मर्यादा सांगा: कुठली गोष्ट तुमच्यापाशीच राहील, आणि कुठली तुम्हाला पुढे कळवावी लागेल, उदाहरणार्थ मुलावर अत्याचार होत असेल किंवा कुणाच्या जिवाला तातडीचा धोका असेल तर. आपल्या ठिकाणचे नियम आधी नीट वाचून ठेवा. तिने सगळं सांगितल्यावर "हे मला कळवावं लागेल" असं म्हणणं हा तिचा दुसऱ्यांदा झालेला विश्वासघात असतो.

मी साधारण असं म्हणते: "मारहाण होते अशा घरांत बऱ्याच जणींना रात्रीही नको असताना जवळ यावं लागतं. म्हणून मी सगळ्यांनाच हे विचारते. उत्तर द्यायलाच हवं असं नाही, नंतर दिलंत तरी चालेल. तुमच्या बाबतीत असं होतं का?" यात तीन गोष्टी आहेत. आपण एकट्याच नाही हे तिला कळतं, तिच्यात काही दिसलं म्हणून विचारलं जात नाहीये हे कळतं, आणि न सांगण्याची मुभा मिळते. ती 'हो' म्हणाली, मान हलवली किंवा नुसती रडली, तर मग हळूहळू: "नाही म्हटलं तर काय होतं?" हा एक प्रश्न मला सगळ्यांत उपयोगी वाटतो. धमकी, मार, अबोला, पैसे, मुलं, जे काही असेल ते या उत्तरात आपोआप येतं.

ती 'नाही' म्हणाली तरी काही बिघडत नाही. "बरं. कधी बोलावंसं वाटलं तर हा विषय इथे चालतो," एवढं म्हणून पुढे जा. दार आहे हे तिने पाहिलेलं असतं. कित्येक जणी तीन-चार महिन्यांनी त्या दारातून आत येतात.

तिने सांगितलं, तर पहिल्या पाच-दहा मिनिटांत तुमच्या चेहऱ्याकडे तिचं बारीक लक्ष असतं. धक्का बसल्यासारखं दाखवू नका, नवऱ्याला शिव्या देऊ नका. शिव्या दिल्या की ती त्याची बाजू घेऊ लागते, कारण तो तिच्या मुलांचा बाप असतो आणि कदाचित तिचं त्याच्यावर प्रेमही असतं. "तुम्ही सांगितलंत हे बरं झालं. माझा तुमच्यावर विश्वास आहे. जे झालं त्यात तुमची चूक नाही." इतकं साधं बोला आणि मग थांबा. तपशील मागू नका. काय, कसं, किती वेळा, हे सगळं तुम्हाला माहीत असण्याची गरज नाही. तिच्या उपचारासाठी आणि सुरक्षेसाठी जेवढं लागतं तेवढंच विचारायचं. "सगळं एकदा बोलून मोकळ्या व्हा" हा सल्ला प्रेमाने दिला जातो, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनी अशा प्रकारे घटना लगेच उकरून बोलायला लावू नये असंच म्हटलं आहे.

आणि काही प्रश्न असे आहेत की ते तुमच्या तोंडून चुकूनही निघायला नकोत. ओरडला का नाहीत? ढकललं का नाही? इतकी वर्षं का राहिलात? यातल्या पहिल्या दोनांचं उत्तर शरीरशास्त्रात आहे. जिवाच्या भीतीने माणूस लढतो किंवा पळतो हे सगळ्यांना माहीत असतं. तो थिजतोही, हे कमी लोकांना माहीत असतं. हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर तातडीच्या उपचार केंद्रात आलेल्या २९८ बायकांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी ७० टक्के जणींनी असं लक्षणीय थिजणं अनुभवलं होतं. ज्या घरात प्रतिकाराची शिक्षा ठरलेली असते तिथे तर शरीर हे लवकर शिकतं. मी बायकांना सांगते, "तुमच्या शरीराने त्या क्षणी तुम्हाला जिवंत ठेवायचा मार्ग निवडला." बऱ्याच जणी हे ऐकून पहिल्यांदा दीर्घ श्वास घेतात. एक गोष्ट त्या कुणालाच सांगत नाहीत, म्हणून ती तुम्हीच काढा: अत्याचाराच्या वेळी शरीराने कधीकधी प्रतिसाद दिलेला असतो. स्पर्श झाला की शरीर आपोआप जे करतं त्याचा इच्छेशी संबंध नाही. ही एक शंका वर्षानुवर्षं आतून पोखरत राहते आणि दोन वाक्यांत तिचं ओझं अर्धं होऊ शकतं.

घटना अलीकडची असेल तर वैद्यकीय मदतीचं घड्याळ चालू असतं आणि ते तुम्हाला पाठ हवं. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली, आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. नको असलेली गर्भधारणा टाळणारी तातडीची गोळी ५ दिवसांपर्यंत देतात. इथेही उशीर करू नये. तेवढ्याच मुदतीत तांबी बसवणं हाही एक पर्याय आहे. हिपॅटायटिस बी ची लस आणि लैंगिक संबंधांतून होणाऱ्या इतर आजारांवरचे उपचार यांबद्दलही डॉक्टरांना विचारायला सांगा. पुरावा गोळा करायचा असेल तर कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत. प्लास्टिकमध्ये ओल राहते आणि नमुने खराब होतात. पण तिने अंघोळ केली असेल, कपडे धुतले असतील तर "मग आता काही उपयोग नाही" असं म्हणू नका. अंघोळ झाली म्हणून उपचार अडत नाहीत, वर सांगितलेल्या मुदतीची औषधं सोडली तर बाकीचे उपचार नंतरही घेता येतात, आणि तक्रार करायची की नाही याच्याशी उपचारांचा संबंध जोडू नये. बरीच वर्षं चाललेली हिंसा असेल तर ओटीपोटात सतत दुखणं, वारंवार लघवीचा जंतुसंसर्ग, अंगावरून जाणं, संबंधांच्या वेळी वेदना अशा तक्रारी घेऊन ती कितीतरी डॉक्टरांकडे जाऊन आलेली असते आणि मुळावर कुणी बोट ठेवलेलं नसतं. तपासणीसाठी झोपायचं, कपडे बाजूला करायचे, हेच तिला त्या रात्रीसारखं वाटू शकतं. डॉक्टर प्रत्येक पायरी आधी सांगतील, 'थांबा' म्हटलं की थांबतील, एवढं आधी बोलून ठेवता आलं तर तपासणीची भीती पुष्कळ कमी होते.

आता धोक्याबद्दल. मला इथे जरा रेंगाळायचं आहे, कारण जीव जातो तो इथेच. जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसेत जिवाचा धोका किती आहे हे जोखण्यासाठी जॅकलिन कॅम्पबेल या परिचर्या संशोधिकेने १९८०च्या दशकात एक प्रश्नावली तयार केली. जगभर आजही ती वापरतात. नको असताना तो संबंध ठेवायला भाग पाडतो का, हा तिच्यातला एक प्रश्न आहे. म्हणजे तुमची बाई ज्यापाशी थांबली ती गोष्ट नुसती दुःखाची नाही, धोक्याची खूणही आहे. तिने त्याला दुजोरा दिला की बाकीच्या खुणा विचारायच्याच: घरात हत्यार आहे का, जिवे मारायची धमकी दिली आहे का, गरोदरपणी मारलं का, पाळत ठेवतो का, मारहाण अलीकडे वाढली आहे का, आणि ती अलीकडे वेगळी झाली आहे का किंवा तसं बोलली आहे का.

आणि गळा. हा प्रश्न वेगळा विचारा: "त्याने कधी तुमचा गळा धरला, दाबला, श्वास अडेल असं काही केलं?" गळा दाबल्यावर बाहेर बऱ्याचदा वळही दिसत नाही, म्हणून ती स्वतःच त्याला 'मारलं' म्हणत नाही. संबंधांच्या वेळी केलं असेल तर तो 'त्याच्या आवडीचा भाग' म्हणून सांगितला जातो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, जोडीदाराने आधी कधी गळा दाबला असेल तर पुढे त्याच्या हातून खून होण्याची शक्यता सातपटीहून जास्त असल्याचं दिसलं. अलीकडे गळा दाबला असेल आणि आवाज घोगरा झाला असेल, गिळताना दुखत असेल, डोळ्यांत लाल ठिपके असतील, चक्कर आली असेल, काही वेळ काय झालं ते आठवत नसेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात. मानेतल्या रक्तवाहिनीला झालेली इजा काही दिवसांनीही जिवावर बेतू शकते.

एवढा धोका ऐकल्यावर तुम्हाला वाटेल, तिला आजच्या आज घरातून बाहेर काढावं. मलाही वाटायचं. कामाच्या दुसऱ्या वर्षी एका बाईसाठी मी सगळं ठरवलं: राहायची जागा, दिवस, वेळ, सोबत कोण. ती मान डोलवत राहिली. मी सगळं एका कागदावर नीट लिहून तिच्या पिशवीत ठेवलं. कागद त्याला सापडला. ती वाचली, पण पुन्हा माझ्याकडे आली नाही. दुसऱ्या एका कार्यकर्तीला ती म्हणाली, "तिथेही मला कुणी विचारलं नाही." हे वाक्य मी आजही नव्या मुलींना शिकवताना सांगते. घरात तिच्या शरीराबद्दल तिला कुणी विचारत नव्हतं, आणि माझ्या खोलीत तिच्या आयुष्याबद्दल मीही विचारलं नाही. लैंगिक हिंसेत बाईचा 'नाही' हिरावला जातो. मदत करणाऱ्यानेही तो घाईने हिरावला तर आपण चांगल्या हेतूने तेच पुन्हा करतो.

म्हणून सुरक्षेची योजना तिची असते. तुम्ही प्रश्न विचारता, पर्याय सांगता, धोके मोकळेपणाने समोर ठेवता. वेगळं होण्याचा काळ सगळ्यांत धोक्याचा असतो हे तिला बहुधा आधीच ठाऊक असतं, म्हणूनच ती थांबलेली असते. सुरुवात तिच्या आजवरच्या युक्त्यांपासून करा. पाळी आहे असं सांगणं, मुलाला मध्ये झोपवणं, तो झोपेपर्यंत काम काढून बसणं, डोकं दुखतंय म्हणणं, कधीकधी मार टाळायला 'हो' म्हणणं. या युक्त्या ती लाजत लाजत सांगते. "तुम्ही इतकी वर्षं स्वतःला वाचवत आलात," असं म्हणा, कारण तेच खरं आहे. मग पुढचं: धोका वाढतोय हे तिला कशावरून कळतं? घरातली कुठली जागा टाळायची? शेजारी किंवा नात्यात कोण आहे ज्याला एक ठरलेला शब्द ऐकून कळेल? कागदपत्रांच्या प्रती, थोडे पैसे, औषधं कुठे ठेवता येतील? गर्भधारणा लादली जात असेल तर त्याला न कळणारं साधन कुठलं, उदाहरणार्थ इंजेक्शन, किंवा तांबी बसवून तिचे दोरे आखूड कापणं, हे तिने डॉक्टरांशी बोलावं. लिहून काहीही देऊ नका, ती मागेल तेव्हाच द्या. तिचा फोन तो पाहतो असंच गृहीत धरा. तिच्या फोनवरून शोधलेली माहिती, तुमचा मेसेज, लोकेशन, सामायिक खातं, सगळं त्याच्यापर्यंत पोहोचू शकतं.

चित्रफितीची धमकी असेल तर ती धमकी जपून ठेवायला सांगा, ज्या ठिकाणी तो पोहोचणार नाही तिथे. स्टॉप एनसीआयआय नावाची एक मोफत आंतरराष्ट्रीय सोय २०२१ पासून आहे. फोटो किंवा व्हिडिओ स्वतःच्याच फोनवर राहतो, त्याचा फक्त एक डिजिटल ठसा तयार होऊन सहभागी समाजमाध्यमांना दिला जातो, आणि तो मजकूर तिथे चढवायचा प्रयत्न झाला तर ओळखून अडवता येतो. यासाठी तिच्याजवळ ती प्रत असावी लागते, आणि नेमकी तीच कित्येकदा फक्त त्याच्याकडे असते. तरी सांगून ठेवा.

तुम्ही विचारलं नाहीये, पण तुमच्या केंद्रात हा आग्रह होईलच: दोघांना एकत्र बसवून बोलूया. या परिस्थितीत नको. त्याच्यासमोर ती खरं बोलू शकत नाही, बोलली तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजते, आणि दोघांमधला 'मतभेद' म्हणून हिंसा मांडली जाते. त्याला एकट्याला बोलावून समजावणंही तितकंच धोक्याचं, कारण तिने बाहेर तोंड उघडलंय हे त्याला त्यातून कळतं. वरिष्ठ म्हणाले तरी यावर ठाम राहा.

कायद्याबद्दल थोडक्यात. संयुक्त राष्ट्रांनी १९९३ च्या जाहीरनाम्यात स्त्रियांवरील हिंसेच्या व्याख्येत वैवाहिक बलात्काराचा स्पष्ट उल्लेख केला. इंग्लंडमध्ये नवऱ्याला असलेली जुनी सूट १९९१ साली न्यायालयाने काढून टाकली. अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत १९९३ पर्यंत तो कुठल्या ना कुठल्या स्वरूपात गुन्हा ठरला. कित्येक देशांत आजही तसं नाही. तिच्या देशात फौजदारी कायदा काय म्हणतो ते नेमकं माहीत करून घ्या, आणि तिथे दार बंद असलं तरी घरगुती हिंसेच्या दिवाणी कायद्यातून संरक्षणाचा आदेश, राहत्या घराचा हक्क किंवा वेगळं राहण्याची सोय मिळते का ते वकिलाला विचारा. "कायद्यात हे बसत नाही" हे वाक्य तिला "हे घडलंच नाही" असं ऐकू येतं. दोन्हीत फरक आहे हे तिला स्पष्ट सांगा.

ती परत त्याच्याकडे जाईल, कदाचित अनेकदा. तेव्हा तुमच्या आवाजातली निराशा तिला कळली तर पुढच्या वेळी ती लाजेने येणार नाही. तिचा जोडीदार बाई असेल, ती अपंग असेल आणि तोच तिची शुश्रूषा करणारा असेल, तिचा त्या देशात राहायचा परवाना त्याच्या नावावर अवलंबून असेल, तर तिच्या अडचणी आणखी वेगळ्या असतात. तिथे त्या विषयातली माणसं जोडून घ्या, एकटीने उत्तरं शोधत बसू नका.

बरं होण्याबद्दल तुम्ही एका ओळीत विचारलंय, पण तिथे पुष्कळ काही आहे. मानसोपचारतज्ज्ञ जुडिथ हर्मन यांनी १९९२ साली आघातातून सावरण्याचे टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक, मग पुन्हा माणसांत आणि आयुष्यात जोडलं जाणं. माझ्या अनुभवात बायका या टप्प्यांत पुढेमागे फिरत राहतात, पण क्रमातलं पहिलं पाऊल मात्र चुकवता येत नाही. ती अजून त्याच घरात, त्याच अंथरुणात असेल तर जुन्या आठवणी उकलायची वेळ ती नाही. त्या काळात झोप, श्वास, पायाखालची जमीन. एखाद्या वासाने, बुटांच्या आवाजाने ती एकदम त्या रात्रीत जाते तेव्हा तिला खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला लावणं, पाय जमिनीवर टेकवून दाब जाणवू देणं, आज कुठली तारीख आहे ते मोठ्याने म्हणायला सांगणं. साध्या गोष्टी आहेत पण कामी येतात. सुरक्षित झाल्यावर काही महिन्यांनीही दुःस्वप्नं, टाळाटाळ, सतत दचकणं चालू राहिलं तर आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तन उपचार किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या ठरावीक हालचालींच्या मदतीने आघाताच्या आठवणींवर काम करणारी पद्धत) यांचं प्रशिक्षण घेतलेल्या तज्ज्ञांकडे पाठवा. सगळ्यांनाच याची गरज पडत नाही. पुष्कळ जणी चांगल्या माणसांच्या आधाराने सावरतात.

आणि 'नाही' म्हणायची सवय. मी ती आमच्या खोलीतूनच सुरू करते. खिडकी उघडी हवी की बंद, दार लोटलेलं की उघडं, आज बोलायचं की नुसतं बसायचं. एका बाईने पाच महिन्यांनी मला सांगितलं, "आज तुमच्या त्या प्रश्नांची उत्तरं द्यायची नाहीत मला." त्या दिवशी मी घरी जाताना फार आनंदात होते.

तुमच्याबद्दलही एक सांगायचंय. तुम्ही लिहिलंय की तिचं वाक्य ऐकल्यापासून तुम्हाला रात्री झोप लागत नाही. हे ऐकण्याचे परिणाम ऐकणाऱ्यावर होतात, आणि त्यात कमीपणा नाही. अनुभवी व्यक्तीशी ठरलेल्या दिवशी बोलण्याची सोय मागा, एकटीने वाहू नका. तुम्ही स्वतः कधी अशा गोष्टीतून गेला असाल तर ते आधी त्या व्यक्तीला सांगा. म्हणजे तिच्या समोर बसताना तुमची जखम मध्ये येणार नाही.

पाचव्या भेटीला ती आली की सुरुवात अशी करा: "मागच्या एका भेटीत तुम्ही 'रात्री नेहमीचंच' म्हणालात. मी तेव्हा काही विचारलं नाही, पण ते माझ्या लक्षात आहे. त्याबद्दल बोलायचं असेल तर बोलूया, आज नको असेल तर नको." मग गप्प बसा, तिला हवा तेवढा वेळ. आणि भेट संपायच्या आत, ती काहीही बोलली असली किंवा नसली तरी, एवढं विचारून ठेवा: आपल्याला बोलायचं झालं तर कुठल्या नंबरवर, किती वाजता फोन करायचा, तो दुसऱ्या कुणी उचलला तर मी कोण म्हणून सांगायचं, आणि तुम्ही ठरलेल्या दिवशी आला नाहीत तर मी फोन करायचा की नाही.